वाइड अँगल लेन्स आणि स्टार ट्रॅकर: रात्रीचं आकाश टिपताना कामांचा क्रम

स्टार ट्रॅकर म्हणजे ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं मोटरचं उपकरण. त्यावर काढलेल्या फोटोत तारे लांबट आले, की बहुतेक जण दोष ध्रुव जुळवण्याला, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखण्याला, देतात. पुढच्या रात्री पोलर स्कोपला (ध्रुव साधायच्या, ट्रॅकरवरच्या छोट्या दुर्बिणीला) अर्धा तास डोळा लावून बसतात आणि तारे पुन्हा लांबटच येतात. खरं तर २० मिमीच्या आसपासच्या लेन्सला ध्रुव थोडा हुकलेला चालतो. अर्धवट आवळलेला स्क्रू, सरकलेला फोकस आणि काचेवरचं दव मात्र तिला अजिबात चालत नाही. या सगळ्या चुकांच्या मुळाशी सहसा एकच गोष्ट असते: कामं चुकीच्या क्रमाने केलेली असतात. म्हणून खालचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करा.

## आधी थोडा हिशेब

आकाश दर सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद सरकतं (१ अंश म्हणजे ३,६०० आर्कसेकंद). तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा किती भाग व्यापतो, ते असं काढा: २०६ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो. त्यावर २० मिमी लेन्स लावली तर उत्तर ६२ येतं. म्हणजे ट्रॅकर नसताना खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर चार सेकंदांना एक पिक्सेल पुढे जातो.

‘५०० भागिले फोकल लेंग्थ’ या जुन्या नियमाने २० मिमीला २५ सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात तारा सहा पिक्सेल लांब होतो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते कळत नाही, मोठ्या पडद्यावर लगेच दिसतं. ट्रॅकरशिवाय काढायचंच असेल तर १२ ते १५ सेकंदांवर थांबा.

आता ट्रॅकरचा फायदा पाहा. एफ/२.८ ला १५ सेकंद आणि आयएसओ ६४०० वर फोटो जेवढा उजळ येतो, तेवढाच तो १२० सेकंद आणि आयएसओ ८०० वर येतो. पण दुसऱ्या फोटोत सेन्सरवर आठपट प्रकाश पडलेला असतो, आणि सिग्नल (आकाशातून आलेला प्रकाश) व नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) यांचं प्रमाण साधारण २.८ पटींनी सुधारतं. आकाशगंगेतले काळे धूळपट्टे उठून दिसतात ते यामुळेच.

ध्रुवाच्या चुकीचा हिशेबही करून ठेवा. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवापासून पूर्ण १ अंशाने हुकला, तरी दोन मिनिटांत तारा फार तर ३१ आर्कसेकंद सरकतो. २० मिमीवर हा अर्धा पिक्सेल झाला. तीच चूक १३५ मिमीवर साडेतीन पिक्सेलच्या आसपास जाते. वाइड लेन्स आपल्याला मुभा देते ती इथे. बाकी ठिकाणी ती कडक आहे.

## टप्पा १: रात्र निवडणं

अमावस्येच्या आगेमागे चार-पाच रात्री सर्वांत चांगल्या. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. त्यामुळे पौर्णिमेनंतर जसजसे दिवस जातील, तसतसे संध्याकाळचे काळोखाचे तास वाढत जातात. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्याशिवाय पूर्ण काळोख होत नाही. ही वेळ स्टेलेरियमसारख्या ॲपमध्ये आधीच पाहून ठेवा.

आकाशगंगेचा गाभा धनू राशीत, खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला आहे. उत्तर गोलार्धात तो जास्तीत जास्त किती वर येईल ते काढायला ६१ मधून आपला अक्षांश वजा करा. २० अक्षांशावर तो ४१ अंश उंच येतो, ४० अक्षांशावर जेमतेम २१. उंची कमी असेल तर दक्षिण क्षितिजाकडे शहराच्या दिव्यांची झळाळी नाही ना, हे जागा ठरवतानाच बघा.

## टप्पा २: उजेडात करायची तयारी

कॅमेऱ्याची मांडणी घरीच करून ठेवा:

- फाइल रॉ. मोड बल्ब (हवा तेवढा वेळ शटर उघडं ठेवणारा). व्हाइट बॅलन्स ऑटो नको, ४००० केल्विनच्या आसपास पक्का ठेवा.
- लेन्स आणि बॉडी दोन्हीकडचं इमेज स्टॅबिलायझेशन बंद. ट्रायपॉडवर ते स्वतःच हलवाहलव करतं.
- लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद. ते चालू राहिलं, तर दोन मिनिटांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी दोन मिनिटं अडकून पडतो आणि अर्धी रात्र वाया जाते.
- ऑटोफोकस बंद. स्क्रीनचा उजेड सर्वांत कमी.

इंटरव्हॅलोमीटर (ठरलेल्या वेळाने आपोआप फोटो काढणारं उपकरण) एकदा घरीच चालवून पाहा. काही उपकरणांत ‘इंटरव्हल’ म्हणजे दोन फोटोंमधली मोकळी वेळ, तर काहींत एका फोटोच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंतची वेळ. दुसऱ्या प्रकारात एक्सपोजर १२० सेकंद आणि इंटरव्हल ३ सेकंद ठेवलं, तर मालिका बिघडते. तिथे इंटरव्हल १२३ हवा.

ट्रॅकरचा वेज (ट्रॅकर तिरका धरणारा पाया), बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवता येणारा गोल सांधा) आणि क्विक रिलीज प्लेट (कॅमेऱ्याखालची जोडपट्टी) एकदा उजेडात जोडून पाहा. प्रत्येक स्क्रू कुठल्या बाजूला फिरवल्यावर आवळतो, हे अंधारात हाताला माहीत असायला हवं. लाल टॉर्च घ्या. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती सगळी फुकट जातात.

## टप्पा ३: ट्रायपॉड

पाय आधी जाड भागाचे उघडा, मधली दांडी वर काढू नका. मऊ मातीत पाय दाबून बसवा, कारण रेती किंवा ओल्या मातीत ट्रायपॉड तासाभरात हळूहळू खचतो. वजन टांगायचं असेल तर पिशवीचा तळ जमिनीला टेकलेला ठेवा. लोंबकळणारी पिशवी वाऱ्याने झुलते आणि ट्रायपॉडलाही हलवते.

मग ट्रायपॉड समतल करा. ट्रॅकर नीट फिरण्यासाठी खरं तर याची गरज नसते. पण समतल नसेल तर वेजचा उंचीचा स्क्रू फिरवताना ध्रुवतारा आडवाही सरकतो आणि जुळवाजुळव लांबत जाते. दोन मिनिटं इथे घाला, दहा मिनिटं पुढे वाचतील.

तपासणी: एका पायावर हलकी टिचकी मारा. सगळं लगेच स्थिर झालं पाहिजे. काही थरथरत राहिलं तर कुठला तरी सांधा ढिला आहे.

## टप्पा ४: ध्रुवाशी पहिली जुळणी

वेजवरचा कोन आपल्या अक्षांशाएवढा ठेवा, कारण ध्रुव क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर असतो. ट्रॅकर उत्तरेकडे वळवा. फोनचं होकायंत्र ट्रॅकरला टेकवून बघू नका, धातू आणि मोटरमुळे ते चुकीची दिशा दाखवतं. दोन-तीन पावलं दूर उभं राहून बघा, आणि ॲपमध्ये चुंबकीय नव्हे तर खरी उत्तर निवडली आहे याची खात्री करा.

ध्रुवतारा शोधायला सप्तर्षींतले पुलह आणि क्रतू जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे वाढवा. त्या दोघांतल्या अंतराच्या साधारण पाचपट गेल्यावर तो भेटतो. सप्तर्षी क्षितिजाखाली असतील तर शर्मिष्ठेच्या आकृतीवरून दिशा धरा. पोलर स्कोपमध्ये पाहण्याआधी ट्रॅकरच्या बाजूने नुसत्या डोळ्यांनी नेम धरून तारा साधारण समोर आणा. थेट स्कोपमधूनच शोधायला गेलात, तर दुसराच एखादा तारा ध्रुव समजून बसाल. ही चूक वारंवार होते.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, म्हणून स्कोपमधल्या वर्तुळावर त्याला कुठे ठेवायचं ते ॲप सांगतं. बहुतेक पोलर स्कोपमध्ये प्रतिमा उलटी दिसते. तेव्हा ॲपमध्ये ‘स्कोपमधलं दृश्य’ निवडलं आहे की ‘डोळ्यांना दिसणारं’, ते पाहा. हलवायचे ते फक्त वेजचे दोन स्क्रू, एक वरखाली आणि एक डावीउजवीकडे. या टप्प्यापासून ट्रायपॉडच्या पायांना हात लावायचा नाही.

२४ मिमी किंवा त्याहून वाइड लेन्स असेल आणि घाई असेल, तर ध्रुवतारा सरळ मध्यावर ठेवला तरी चालेल. दोन मिनिटांत जेमतेम एक तृतीयांश पिक्सेलची चूक पडते.

दक्षिण गोलार्धात ध्रुवाजवळ ठळक तारा नाही. सिग्मा ऑक्टँटिस नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, म्हणून स्कोपमध्ये त्याच्यासह चार ताऱ्यांचा चौकोन जुळवावा लागतो. तिथे ट्रॅकरचं बटण दक्षिणेवर हवं. ते उलटं राहिलं तर ट्रॅकर ताऱ्यांच्या विरुद्ध फिरतो आणि रेघा दुप्पट लांब येतात.

ढगांमुळे किंवा झाडांमुळे ध्रुव दिसतच नसेल, तर कोन मोजणाऱ्या ॲपने उंची आणि होकायंत्राने दिशा लावा आणि एक्सपोजर ६० सेकंदांवर आणा. वाइड लेन्सला हे पुरतं.

## टप्पा ५: कॅमेरा चढवणं

बॉल हेड ट्रॅकरवर घट्ट बसवा, मग कॅमेरा. ट्रॅकरचा क्लच (अक्ष मोटरला जोडणारी पकड) आवळा, पण मोटरला दमवेल इतकं वजन नको. उत्पादकाने सांगितलेल्या कमाल वजनाच्या अर्ध्यापर्यंतच जा, म्हणजे वाऱ्यातही निभावतं. तोल साधताना पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा. त्यामुळे दातेरी चाकं एका बाजूला टेकलेली राहतात आणि मधल्या फटीत हेलकावत नाहीत.

लोंबणाऱ्या केबल वेल्क्रोने ट्रायपॉडला बांधा. ट्रॅकर फिरत गेला की केबल ताणली जाते, आणि मालिकेतले शेवटचे दहा फोटो त्यात जातात.

## टप्पा ६: फोकस

सगळ्यात जास्त रात्री इथे वाया जातात, म्हणून हा टप्पा सावकाश करा.

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. अनंताच्या फोकसची खरी जागा तापमानागणिक सरकते, आणि बऱ्याच लेन्सचं रिंग त्या खुणेच्याही पुढे फिरतं.

१. अपर्चर पूर्ण उघडा आणि अभिजितसारखा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये आणा.
२. दहापट मोठा करून पाहा. तारा फ्रेमच्या अगदी मध्यावर नको, मध्यापासून कडेकडे एक तृतीयांश अंतरावर ठेवा. वाइड लेन्सचं फोकस मध्यावर आणि कडेला सारखं नसतं. या जागेवर दोन्हींचा मेळ बसतो.
३. रिंग एका दिशेने फिरवत तारा लहान होऊन पुन्हा मोठा होऊ लागेपर्यंत जा, मग मागे या. सर्वांत लहान टिंब मधेच कुठेतरी आहे. ठळक ताऱ्याशेजारचे मंद तारे उमटू लागले, की जागा बरोबर आली.
४. आता अपर्चर कामाच्या आकड्यावर आणा. एफ/१.८ ची लेन्स एफ/२.८ वर आणली, की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना लेन्सच्या दोषाने फुटलेले पंख बरेच मिटतात. ट्रॅकर असताना वेळ वाढवता येतो, मग लेन्स पूर्ण उघडी ठेवण्याची काहीच गरज नाही.
५. रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा.

इशारा: चिकटपट्टी लावतानाच रिंग सरकण्याचा संभव असतो. लावून झाल्यावर पुन्हा दहापट मोठं करून पाहा.

## टप्पा ७: दव

लेन्सची पुढची काच उघड्या आकाशाकडे उष्णता टाकत राहते, त्यामुळे ती भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. म्हणूनच जमीन कोरडी वाटत असतानाही काचेवर दव धरतं. हीटरची पट्टी पुढच्या काचेच्या लगेच मागे गुंडाळा, आणि ती काम सुरू करतानाच चालू करा. दव धरल्यावर चालू केली, तर काच कोरडी व्हायला बराच वेळ जातो. पट्टी फोकस रिंगवर येत असेल तर सावध राहा, तिच्या ओढीने रिंग फिरते. उष्णतेने फोकस थोडा सरकतो, म्हणून हीटर लावून १५ मिनिटांनी फोकस पुन्हा तपासा. दव धरलेलं कापडाने पुसू नका, डाग पसरतो.

## टप्पा ८: चौकट आणि ध्रुवाची दुसरी तपासणी

बॉल हेड सैल करून चौकट लावा. २० सेकंद आणि आयएसओ १२८०० चा एक फोटो काढला की अंधारातही चौकट दिसते. पश्चिमेकडे मावळणारं आकाश घेत असाल तर क्षितिज फ्रेमच्या अगदी खाली ठेवा. कॅमेरा ताऱ्यांमागे खाली जात राहतो आणि क्षितिज फ्रेममध्ये वर चढत येतं. ४० मिनिटांत आकाश १० अंश फिरतं, म्हणजे २० मिमीवर ५०० हून जास्त पिक्सेल.

बॉल हेड आवळल्यावर पोलर स्कोपमध्ये पुन्हा पाहा. कॅमेऱ्याचं वजन आणि हातांचा जोर यामुळे ध्रुवतारा जवळजवळ नेहमीच थोडा सरकलेला असतो. वेजच्या स्क्रूंनी तो परत जागेवर आणा. बरेच जण ध्रुव एकदाच जुळवतात आणि नेमकी ही दुसरी तपासणी विसरतात.

## टप्पा ९: चाचणी फोटो वाचणं

ट्रॅकर ताऱ्यांच्या वेगावर चालू करा. सूर्य, चंद्र किंवा अर्धा वेग यांवर राहिलेला नाही ना, ते पाहा. चाकांमधली फट भरून निघावी म्हणून एक मिनिट थांबा, मग १२० सेकंदांचा फोटो काढा. हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश अंतरावर यावा. डाव्या कडेला चिकटला असेल तर वेळ किंवा आयएसओ वाढवा.

आता मध्य आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. कोपरे मुद्दाम पाहायचे, कारण सरळ रेषा सरळ ठेवणारी वाइड लेन्स कोपऱ्यांत चित्र ताणते. २० मिमीच्या कोपऱ्यात हा ताण मध्याच्या दुप्पट असतो.

- सगळे तारे एकाच दिशेला लांब: ट्रॅकर बंद आहे, क्लच घसरतो आहे किंवा वेग चुकला आहे. रेघा अपेक्षेच्या दुप्पट असतील तर गोलार्धाचं बटण पाहा.
- वेड्यावाकड्या किंवा दुहेरी आकृत्या: वारा किंवा ढिला सांधा.
- मध्य गोल, कोपऱ्यांत पंख: लेन्सचा दोष. अपर्चर अर्धा किंवा एक स्टॉप बंद करा.
- एकाच बाजूचे तारे खराब: लेन्सची भिंगं तिरकी बसलेली आहेत किंवा माउंट तिरका आहे. शेतात उभं राहून हे सुधारणार नाही, तेवढा भाग कापायची तयारी ठेवा.
- फ्रेमभर फुगीर टिंबं: फोकस. ठळक ताऱ्यांभोवती धूसर वलयं असतील तर दव.
- फक्त क्षितिजालगतचे लांबट: तिथे वातावरण प्रकाश जास्त वाकवतं. एक्सपोजर ६० ते ९० सेकंदांवर आणा.

ध्रुवाची चूक या यादीत दाखवलेली नाही, कारण दोन मिनिटांच्या वाइड फोटोत ती दिसण्याआधी बाकी सगळं दिसतं. ५० मिमीच्या पुढे गेलात तर मात्र तिला पहिला मान द्या.

## टप्पा १०: मालिका

१६ ते २० फोटो काढा, मध्ये ३ सेकंदांची फट. १६ फोटो एकत्र केले की नॉइज एका फोटोच्या पाव हिश्श्यावर येतो. त्यापुढे फायदा मंदावतो: तो आणखी अर्धा करायला ६४ फोटो लागतील. विमानं आणि उपग्रहांच्या रेघा स्टॅकिंगमध्ये (फोटो एकावर एक जुळवून एकत्र करताना) काढून टाकायच्या असतील, तर दहापेक्षा कमी फोटोंवर भागवू नका.

दर पाच फोटोंनी कॅमेरा बॉल हेडवर किंचित सरकवा, २० मिमीवर साधारण अर्धा-एक अंश पुरे. असं केलं नाही, तर सेन्सरचे गरम पिक्सेल सगळ्या फोटोंत जवळपास एकाच जागी राहतात आणि स्टॅकमध्ये तिरप्या रेघोट्या उमटतात. दर अर्ध्या तासाने फोकस आणि काच तपासा. रात्र थंड होत गेली की दोन्ही बिघडतात.

## टप्पा ११: जमीन

ट्रॅकर चालू असताना जमीन फरफटते, म्हणून ती वेगळी टिपायची. आकाशाचे फोटो झाले की ट्रॅकर बंद करून पहिल्या चौकटीएवढा मागे फिरवा आणि २ ते ४ मिनिटांचे तीन-चार फोटो काढा. २० मिमी आणि एफ/२.८ वर अनंताच्या फोकसने ५ मीटरपलीकडचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. त्याहून जवळचा दगड किंवा झुडूप हवं असेल, तर त्याच्यासाठी वेगळा फोकस लावून आणखी एक फोटो घ्या, आणि तो सगळ्यात शेवटी.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. ध्रुवतारा संधिप्रकाशातच दिसू लागतो. तेव्हाच ध्रुव जुळवा, चौकट लावा आणि उरलेल्या निळसर उजेडात जमीन टिपून घ्या. नॉइज खूप कमी येतो. फक्त त्यानंतर काळोख होईपर्यंत ट्रायपॉड तिथेच ठेवायचा धीर हवा.

एकाच फोटोत आकाश आणि जमीन दोन्ही घ्यायचे असतील, तर अर्धा वेग वापरा. दोन्ही सारखेच, पण निम्मे फरफटतात.

## टप्पा १२: डार्क आणि फ्लॅट

साहित्य आवरण्याआधी लेन्सवर झाकण लावा आणि त्याच आयएसओवर, तेवढ्याच वेळेचे १५ डार्क फोटो (सेन्सरचे गरम पिक्सेल नंतर वजा करण्यासाठी) तिथेच, त्याच थंडीत घ्या. उबदार खोलीत काढलेले डार्क उपयोगाचे नाहीत. फ्लॅटच्या (कडांचा अंधार दुरुस्त करायला सारख्या उजेडात काढलेल्या फोटोंच्या) बाबतीत माझं मत वेगळं आहे. २४ मिमीपेक्षा वाइड लेन्सवर कोपऱ्यांपर्यंत सारखा उजेड पाडणं इतकं कठीण असतं, की रॉ प्रोग्रॅममधलं लेन्स प्रोफाइल जास्त भरवशाचं ठरतं. दोन्ही एकदम मात्र वापरू नका. कडांचा अंधार दोनदा दुरुस्त होतो आणि कोपरे उजळ दिसू लागतात.

## टप्पा १३: जुळवणी

आकाशाचे फोटो सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या प्रोग्रॅममध्ये डार्कसकट स्टॅक करा आणि सिग्मा क्लिपिंग (बाकी फोटोंपेक्षा फार वेगळे पिक्सेल गाळणारी पद्धत) निवडा. क्षितिज विस्कटलेलं येईल. तो भाग आपण बदलणारच आहोत. जमिनीचे फोटो ताऱ्यांवर न जुळवता नुसतेच सरासरीने एकत्र करा. फार उजळ करू नका. खऱ्या काळोखात जमीन आकाशापेक्षा गडदच असते.

दोन्ही थर एकावर एक ठेवून क्षितिजालगत मास्क (कुठे कुठला थर दिसावा ते ठरवणारा) रंगवा. अडचण झाडांची असते, कारण स्टॅकमध्ये फांद्यांची सावली आकाशात पसरलेली राहते. त्या पट्ट्यापुरतं मालिकेतल्या पहिल्या फोटोतलं आकाश घ्या, कारण तिथे क्षितिज आपल्या मूळ जागी आहे. शेवटी पूर्ण १०० टक्के मोठं करून क्षितिजाची सगळी रेष डावीकडून उजवीकडे सरकत पाहा. कुठे दुहेरी कडा, कुठे फांदीसमोर आलेला तारा किंवा मास्कच्या काठाने गेलेली उजळ किनार दिसली, तर तेवढ्याच जागी लहान ब्रशने मास्क दुरुस्त करा.